छाटणीची तारीख

सप्टेंबर संपत आला की निफाड-दिंडोरीकडे दोन शेतकरी भेटले, तर 'काय चाललंय'नंतरचा प्रश्न ठरलेला: "छाटली का?" ज्याने छाटली त्याला वाटतं घाई झाली, ज्याची राहिली त्याला वाटतं उशीर झाला. मी एकोणतीस हंगाम या प्रश्नाला उत्तर देतोय. कादवेच्या काठी आमची सात एकर जमीन. तीन एकर द्राक्ष, दोन एकर सोयाबीन, एक एकर मका, एक एकर कांदा. पहिल्या वर्षापासून एक वही ठेवली आहे. तीत छाटणीच्या तारखा, पाऊस, फवारण्या आणि अधूनमधून शिव्या आहेत. पुढचं सगळं त्या वहीतून काढलेलं. क्रमाला फार अर्थ नाही.

१. परतीचा पाऊस तालुक्यावर पडत नाही, गटावर पडतो

हवामान खातं मॉन्सूनच्या परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला धरतं. २०२० पर्यंत ती तारीख १ सप्टेंबर होती. पाऊस रेंगाळायला लागलाय हे आपण चावडीवर म्हणत होतो, ते त्यांनी कागदावर घेतलं. आमचे दादा म्हणजे वडील नक्षत्रांवर चालायचे. हस्त साधारण २७ सप्टेंबरला लागतं, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास, स्वाती २४ च्या. हत्ती निघून गेल्याशिवाय कात्रीला धार लावायची नाही, हा त्यांचा नियम.

दोन्ही हिशेब कामाचे आहेत, पण अपुरे. जूनचा पाऊस पश्चिमेकडून, त्र्यंबकच्या डोंगरांवरून वर्दी देत येतो. परतीचा मागच्या दाराने येतो. सकाळी आभाळ निरभ्र, दुपारी ऊन पाठ भाजून काढतं, जमिनीत चार महिन्यांची ओल असतेच. तीन-चारच्या सुमाराला पूर्वेकडून काळं भरून येतं आणि तासाभरात ओहोळ वाहायला लागतो. त्याच वेळी अर्ध्या किलोमीटरवरच्या चुलतभावाच्या रानात धुरळा उडत असतो. त्याला फोन करून "पाऊस कसाय?" विचारावं तर तो म्हणतो, "कुठला पाऊस?"

म्हणून बांधावर एक साधं पर्जन्यमापक लावलं. अंदाज मोबाईलवर बघतो, पण फवारणी ठरते ती बांधावर किती मिलिमीटर भरलं ते बघूनच. पोरगं हसतं. हसू दे.

२. सगळी बाग एका आठवड्यात छाटायची नाही

हा धडा मला सगळ्यात महाग पडला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

द्राक्षाची वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी घडांसाठी. गोडी छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची. दहा-बारा दिवसांत डोळे फुगतात, पंधराव्या दिवसाच्या आगेमागे पोंगा येतो, मग पान उलगडतं, घड दिसतो. पस्तीस-चाळीस दिवसांनी फुलोरा, त्यानंतर मणी धरतात. कात्री लावल्यापासून मणी धरेपर्यंतचा हा दीड महिना बाग उघड्या जखमेसारखी असते. पोंग्यात पाणी साचलं की कूज. ढगाळ राहिलं की घड जिरतो, म्हणजे घडाच्या जागी नुसता ताणा उरतो. पान रात्रभर ओलं राहिलं की डावणी. आधी पानावर तेलकट डाग, मग खालून पांढरी बुरशी, आणि ती घडावर उतरली की औषधाचं नाव कितीही मोठं असो, तो घड गेला.

मग छाटणी पाऊस संपल्यावरच का नाही करायची? करता येते. पण नोव्हेंबरात छाटली की बाग थंडीत सापडते. निफाडची थंडी म्हणजे गंमत नाही. फूट अडखळते, मणी फुगत नाही, माल मार्च-एप्रिलला सगळ्यांच्या गर्दीत बाजारात येतो. उलट आमच्याच जिल्ह्यात सटाण्याकडचे लोक जून-जुलैत छाटतात आणि नाताळाच्या आधी माल काढतात. चांगल्या भावासाठी ते अख्खा पावसाळा अंगावर घेतात. त्यांची छाती वेगळी.

२०१९ ला मी काय केलं? मुकादमाने सांगितलं, टोळी आत्ता मोकळी आहे, पुढे मिळणार नाही. आभाळही उघडलं होतं. २८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, सहा दिवसांत तिन्ही प्लॉट छाटून टाकले आणि मोकळा झालो. दसऱ्याला गावात ऐटीत सोनं वाटलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २७ ऑक्टोबरला होतं. अरबी समुद्रात त्याच आठवड्यात 'क्यार' चक्रीवादळ होतं, ते ओमानच्या दिशेने गेलं, आणि ते जातंय तोवर मागून 'महा' उठलं. दोन्ही आपल्या किनाऱ्यापासून लांब. पण आभाळाचं तोंड मिटेना. माझे तिन्ही प्लॉट पंचवीस ते तीस दिवसांचे, ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर. दिवाळीचे फटाके ओले, बागेत गुडघाभर चिखल, सकाळी फवारलेलं औषध दुपारी धुऊन जायचं, संध्याकाळी पुन्हा फवारायचं. तिन्ही प्लॉट एकाच वयाचे, म्हणून तिन्ही एकाच आठवड्यात गेले. एखादा जरी पंधरा दिवस मागे असता, तर निदान घरखर्च निघाला असता.

त्या वर्षी गावात सगळ्यात चांगला माल कोणाचा निघाला माहितीये? शेजारच्या नानांचा. त्यांचं सप्टेंबरात गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून छाटणी नोव्हेंबरात गेली. त्यांना कोणी विचारलं की म्हणायचे, "अनुभव लागतो, बाबा." पुढची दोन वर्षं लोक छाटणीआधी नानांच्या गुडघ्याची चौकशी करायचे.

तेव्हापासून एकरा-एकराने छाटतो, मध्ये बारा ते पंधरा दिवस सोडून. टोळी तीनदा बोलवावी लागते, फवारणीचं वेळापत्रक तीन ठिकाणी वेगळं चालतं, बायको म्हणते, "अहो, एका बागेच्या तीन बागा करून ठेवल्यात." खर्च वाढतो, हे खरं. तीनही प्लॉट उत्तम आले असं या पद्धतीत कधीच होत नाही. तीनही गेले असंही अजून झालेलं नाही.

३. सोयाबीन कापायचं तर मळणीयंत्र ठरवून

उभं सोयाबीन पावसात भिजलं तर त्याला वारा लागतो, दोन उन्हात सुकतं. कापून पसरलेलं भिजलं तर खालून ओल धरतं आणि शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटतात. सुडी रचून ताडपत्री टाकली आणि ती चार दिवस उघडली नाही, तर आत वाफ धरून दाणा काळा पडतो. हे तिन्ही प्रकार मी केले आहेत.

उभं किती दिवस ठेवायचं यालाही मर्यादा आहे. ३३५ सारखं जुनं वाण पिकल्यावर आठवडा-दहा दिवस जास्त राहिलं आणि वर कडक ऊन पडलं, की शेंगा तडकतात आणि दाणे रानात पेरले जातात. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. माझा तोडगा एवढाच की मळणीयंत्रवाल्याने दिवस दिल्याशिवाय विळा लावायचा नाही, आणि एका दिवसात मळून होईल तेवढंच कापायचं. सकाळी दव असतं, दाणा चिवट असतो, म्हणून मळणी अकरानंतर. दाण्यात बारा टक्क्यांच्या वर ओल निघाली की खरेदी केंद्रावर परत पाठवतात, व्यापारी परत पाठवत नाही, पण भाव पाडतो.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. ऑक्टोबरची अर्धी अडचण जूनमध्येच पेरलेली असते. दोन्ही एकरांत एकच वाण टाकलं तर दोन्ही एकाच दिवशी पिकणार. आता एका एकरात लवकर येणारं, दुसऱ्यात राहुरी विद्यापीठाचं दहा-बारा दिवस उशिरा येणारं. उशिराचं वाण द्राक्षाच्या कामात येतं, कुरकुर होते, पण दोन्ही एका पावसात सापडत नाहीत.

४. मक्याची घाई नको

मका पिकली की कणीस खाली मान टाकतं. वरची पानं छपरासारखी, पाणी ओघळून जातं. मजूर कमी असतील आणि आभाळ भरलेलं असेल, तर सोयाबीन आधी, मका मागे. ताट आडवं पडलं असेल तर मात्र त्याच दिवशी उचलायची. मातीला टेकलेल्या कणसाला दोन दिवसांत कोंब येतात.

५. काळ्या रानात ट्रॅक्टर घालायचा की नाही, हे टाचेला विचारायचं

टाच रोवून बघायची. माती बुटाला लोंबली तर ट्रॅक्टर बांधावर. घाईने एकदा फवारणीचा ब्लोअर घातला. तो दोन ओळींच्या मध्ये रुतला, काढायला दुसरा ट्रॅक्टर आणला, तोही रुतला, शेवटी जेसीबी. त्या ओळींत पुढची दोन वर्षं पाणी साचायचं, मुळी चालायची नाही. आता लांब नळी आणि गन घेऊन माणूस बांधावरून फवारतो. वेळ तिप्पट लागतो, पण जमीन दाबली जात नाही.

रान वाफशावर असेल तर हाच ब्लोअर दुसऱ्या कामाला येतो. पाऊस थांबला की टाकी रिकामी ठेवून नुसता वारा मारत फिरवायचा, म्हणजे पानांवरचं, घडांवरचं पाणी झटकलं जातं. औषधाइतकाच त्याचा उपयोग होतो, आणि लागतं फक्त डिझेल.

६. मजुरांच्या घरीही शेत आहे

हे मला कितीतरी वर्षं सुचलंच नव्हतं, सांगायला लाज वाटते. आमच्याकडे छाटणी, पेस्ट, विरळणी करणाऱ्या टोळ्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येतात. ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या आसपास त्या गायब व्हायच्या आणि आम्ही पारावर बसून म्हणायचो, ऐन कामात पळतात. एकदा मुकादम शांतपणे म्हणाला, "शेठ, तुमची बाग भिजती, तसा आमचा भातबी भिजतो." त्यांच्याकडे भात आणि नागली नेमकी तेव्हाच कापायला येते. परतीचा पाऊस त्यांच्या खाचरातही कापलेल्या भाताच्या कडप्यांवर पडतो. आपल्या बागेचा पाऊस आणि त्यांच्या खाचराचा पाऊस एकच.

आता छाटणीचं वेळापत्रक ठरवताना पहिला फोन मुकादमाला. "भात कधी निघतोय?" हळवा की गरवा, खालच्या अंगाचा की डोंगराकडचा, हेसुद्धा विचारतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लॉटमधलं अंतर त्यावर ठरतं. भात लांबला तर माझी छाटणीही लांबते. आभाळाच्या अंदाजापेक्षा हा अंदाज जास्त वेळा बरोबर निघाला आहे.

७. कांद्याचं रोप दोन हप्त्यांत

रांगडा कांदा लावायचा म्हणजे रोप ऑगस्ट-सप्टेंबरात टाकायचं, आणि उन्हाळ कांद्याचं ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दोन्ही रोपं परतीच्या पावसाच्या वाटेत उभी. सपाट वाफ्यात टाकलेलं रोप एका रात्रीच्या पाण्याने बसतं, पिवळं पडतं, मर लागते. मग रोपासाठी गावोगाव फिरावं लागतं, आणि बियाणं घेताना खिशातून काढलेले पैसे रोप घेताना पुन्हा काढावे लागतात. गादीवाफा उंच करायचा, बी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा टाकायचं, लागतं त्याच्या सव्वापट टाकायचं. रोप उरलं तर विकलं जातं. ज्याचं बसलं तो दारात येतोच. अशा वेळी त्याच्याकडून वाट्टेल तो भाव घेणारे आहेत. मी घेत नाही. एकदा मीच त्या दारात उभा होतो.

चाळीतल्या जुन्या उन्हाळ कांद्यालाही याच हवेत मोड येतात, काजळी धरते. भाव वाढेल म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबणं हा जुगार आहे, आणि तो खेळताना चाळीत शिरून वास घेत राहायचं. सडका वास आला की त्या दिवशीच निवड करायची.

८. पावसाने माल गेला म्हणजे भाव आपल्यालाच मिळेल, असं नाही

पुन्हा २०१९. केंद्राने २९ सप्टेंबरला कांदा निर्यात बंद केली होती. मग पावसाने लाल कांदा शेतातच सडवला. डिसेंबरात शहरात कांदा शंभरीपार गेला आणि वर्तमानपत्रांत कांदा उत्पादकांची चांदी झाल्याच्या बातम्या आल्या. माझा कांदा तेव्हा बांधावरच्या खड्ड्यात होता. लासलगावला भाव फुटला तेव्हा ज्याच्याकडे माल होता, त्याचं नशीब. ते त्याला लखलाभ. मी फक्त एवढं शिकलो की वहीत अंदाजी उत्पन्नाचा रकाना ठेवायचा नाही. तो रकाना बघून माणूस नको तेवढं औषध उधारीवर आणतो.

९. नुकसानीचा फोटो आधी, रडणं नंतर

पीक विम्याची तक्रार तेव्हा ७२ तासांत करावी लागायची, हे मला पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. नियम दरवर्षी बदलतात. एक रुपयाचा विमा २०२३ च्या खरिपात आला, दोन वर्षांत गेलाही. त्यामुळे पेरतानाच यंदा काय लागू आहे आणि काय नाही, ते विचारून वहीत लिहून ठेवायचं. फोटोत गट ओळखू येईल असं काहीतरी हवं. विहीर, झाड, खांब. नुसत्या कुजक्या घडाचा फोटो कुठलाही असू शकतो.

मदतीवर फार भिस्त ठेवू नये. २०१९ च्या नोव्हेंबरात राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार रुपये जाहीर केले, तेही दोन हेक्टरांपर्यंत. १८ हजार हेक्टरी म्हणजे एकरी सात हजार दोनशे. त्या दिवाळीत मी एका आठवड्यात एकरी त्याहून जास्त फवारलं होतं. पण पंचनाम्याला तलाठी आणि कृषी सहायक आले तेव्हा त्यांचे पायही गुडघ्यापर्यंत चिखलात होते. त्यांच्यावर राग काढून काही मिळत नाही, उलट गट क्रमांक चुकतो.

१०. आभाळ उघडलं म्हणजे सुटलो नाही

नोव्हेंबरात आभाळ स्वच्छ झालं की पहाटे दव पडतं. दव म्हणजे आवाज न करता येणारा पाऊस. पानं आठ-नऊपर्यंत ओली राहतात, डावणी तेवढ्यावर जगते. दुपारी कोरडं झालं की भुरी. इकडे खाली नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी उतरायला लागतात, पुण्या-मुंबईचे लोक दुर्बिणी घेऊन येतात. २०२० मध्ये त्या पाणथळीला रामसरचा दर्जा मिळाला, राज्यात पहिला. दादा म्हणायचे, बदकं उतरली की पाऊस संपला. मी बरीच वर्षं मानलं. मग ५ डिसेंबर २०१७ ला 'ओखी' वादळाने भर थंडीत पाऊस आणला, आणि २६ नोव्हेंबर २०२३ ला, त्रिपुरी पौर्णिमेच्या तोंडावर, अर्ध्या तासात गारांनी बागा झोडपल्या. बदकं दोन्ही वेळा पाण्यावर होती.

उशिरा छाटलेल्या प्लॉटला त्यानंतर थंडी गाठते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा मोजतात. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन अंशांच्या आसपास उतरला होता. अशा रात्री पहाटे तीनला उठून ठिबक सोडायचं, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा. विहिरीचं पाणी कोमट असतं, त्याने बागेतली हवा अंशाभराने सावरते असं माझा हात सांगतो.

११. छत

गेली काही वर्षं जिल्ह्यात बागेवर प्लॅस्टिक आच्छादन टाकणारे वाढले आहेत. एकरी काही लाखांचं काम. मी कर्ज काढून पहिल्या प्लॉटच्या अर्ध्या एकरावर टाकलं. पाऊस आणि दव पानावर येत नाही, त्यामुळे डावणीच्या फवारण्या निम्म्यावर आल्या. भुरी मात्र आत जास्त येते, कारण तिला ओलं पान लागतच नाही, आणि आतली उकाड्याची, सावलीची हवा तिला मानवते. फूट लांब होते, पानं पातळ राहतात, पाणी-खताचा अंदाज नव्याने शिकावा लागला. एका वादळात दोन पट्टे फाटले, त्यांचे तुकडे ओढ्यापलीकडच्या बाभळीवर अजून फडफडतात. पण त्याच अर्ध्या एकराला मी न घाबरता २५ सप्टेंबरला कात्री लावली, आणि दुपारी पूर्वेकडून भरून आलं तेव्हा पहिल्यांदा घरात बसून चहा प्यायलो.

पोरगं म्हणतं, उरलेल्या अर्ध्यावरही टाकू. बँकेचा हप्ता मार्चमध्ये आहे. सोयाबीन वाळत घातलंय, किती उतरतं ते बघून ठरवू, असं त्याला सांगितलंय.